गळ्यातली लाकडी पाटी

प्रिय अचिरो,

आजीकडे गेल्यापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. हे पत्रही पाठवायचा धीर मला होणार नाही.

त्या दिवसाच्या आदल्याच दिवशी हेडमास्तर सगळ्या शिक्षकांसमोर मला म्हणाले होते, "घरातल्या पहिल्या पदवीधर ना तुम्ही? मग शाळेत अचोली भाषा बोलल्याच्या शिक्षेची पाटी फक्त परक्यांच्या मुलांच्या गळ्यात का?" मला ते फार लागलं. इंग्रजी आली तरच आपली मुलं पुढे जातील, असं मला मनापासून वाटायचं गं.

दुसऱ्या दिवशी तू तिळाच्या शेतातून धापा टाकत वर्गात आलीस. "ताई, आई..." तू अचोलीत सांगू लागलीस.

"मॅडमची बहीणच सापडली!" पोरं ओरडली.

मी पाटी तुझ्या गळ्यात अडकवली. "इथे ताई नाही, मॅडम. इंग्रजीत सांग, मगच ऐकेन."

तू शब्द शोधत राहिलीस. चौथीतल्या पोरीला किती इंग्रजी येणार? तुझे डोळे भरले, ते अश्रू मला हट्टाचे वाटले. घंटा झाल्यावर तू अचोलीत म्हणालीस, "आई शेतात पडलीय. उठत नाही."

दवाखान्यातली नर्स एवढंच म्हणाली, "तासभर आधी आणायचं होतं."

तो तास माझ्या वर्गात गेला, अचिरो.

शाळेतून घरी आल्यावर ती पाटी आता मीच घालते. नियम तुला ठाऊक आहे, दुसऱ्याच्या तोंडून अचोली ऐकल्याशिवाय ती उतरत नाही. शेजारीपाजारी सारखे अचोलीच बोलतात, पण ते मी धरत नाही. तू ये. शिव्या दे हवं तर, पण आपल्या भाषेत दे.

तुझी ताईच,
लानयेरो