शंका आणल्याशिवाय चहा नाही

२ मार्च, शनिवार

पाचही जण दहा मिनिटं आधी हजर! पस्तीस वर्षं रेल्वेच्या शाळेत गणित शिकवलं, एक पोरगं कधी वेळेआधी आलं नाही. आणि हे चाळिशी ओलांडलेले मिशावाले – दारात बूट एका रेषेत लावून, पाठ ताठ करून बसले. शामराव आतून ओरडले, "अहो इंदुमतीबाई, तुमची पलटण आली!" नवरा रिटायर झाला की तोंड जरा जास्तच चालतं.

शेजारच्या राठौडजींनी हे माझ्या गळ्यात घातलं. स्वतः निवृत्त सुभेदार. फौजेतून सुटलेली ही माणसं मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताहेत, आणि सगळ्यांचं घोडं संख्याशास्त्रापाशी अडलंय. "मैडमजी, बस शनिवार-शनिवार." मी लगेच हो म्हटलं. का म्हटलं, ते माझं मला ठाऊक.

त्यातला एक आपला निघाला – गुलाबराव, साताऱ्याकडचा. शेवटचं पोस्टिंग जयपूर, मुलीची शाळा इथलीच, म्हणून झोटवाड्यात घर करून राहिला. वैशाली नगरला एका दवाखान्याच्या दारावर गार्ड आहे. एवढा एकच पेपर राहिलाय. दोनदा नापास. जूनमध्ये शेवटची संधी, मग नोंदणीची मुदत संपते आणि तीन वर्षांची मेहनत पाण्यात. पास झाला तर बी.एड. करायचंय त्याला. भूगोल शिकवायचाय! "नकाशा मला झोपेत बी वाचता येतो, बाई," म्हणाला. जयपूरच्या या खातीपुऱ्यात कुणी मला बाई म्हणून किती वर्षं झाली!

९ मार्च

मध्य, मध्यक, बहुलक – तिन्ही झाले. शेवटी विचारलं, "समझे? कोई डाउट?" पाचजण एका आवाजात – "नहीं, मैडम!" खिडकीतली कबुतरं उडाली. असे विद्यार्थी मिळायला नशीब लागतं.

१० मार्च

कसलं नशीब! काल शेवटी छोटी चाचणी घेतली होती, ती आज तपासली. वीसपैकी तीन, दोन, चार, शून्य, तीन. गुलाबरावाला तीन. अक्षर मात्र छापल्यासारखं. मग डाउट नाही म्हणून बोंबलत कशाला होते?

१६ मार्च

राठौडजींना विचारलं. ते पोट धरून हसले. "मैडमजी, फौज में उस्ताद पूछता है – कोई शक? उसका एक ही जवाब होता है." ज्याला शक असेल त्याच्यामुळे अख्ख्या तुकडीला रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. वीस वर्षं हेच. समजो न समजो, नाही म्हणायचं, आणि पुढं जायचं.

मी हसले नाही. चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

१७ मार्च, रविवार

विजयच आठवतोय सकाळपासून. 

माझा धाकटा भाऊ. भुसावळच्या क्वार्टरमध्ये सुट्टीवर यायचा तेव्हा आधी ती काळी ट्रंक यायची – पांढऱ्या रंगात नाव, नंबर. उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यात कॅन्टीनचे साबण, आईला शाल, मला दर वेळी एक पेन. मला कशाला रे इतकी पेनं? "तू बाई आहेस ना शाळेतली!" आईला माझ्यापेक्षा त्याचाच अभिमान जास्त, आणि त्याला माझा. दोन महिने घर कसं भरून जायचं! पहाटे उठून अंगण झाडायचा, आम्हाला लाज वाटायची. पत्रं यायची ती सगळी सारखीच – मी मजेत आहे, काळजी नसावी. कुठं आहे, थंडी किती, काही नाही. मजेत!

हवालदार म्हणून सुटला तो थेट इथं जयपूरला माझ्याकडे आला. बी.ए. करायचं म्हणाला, ताई शिकवेल. चार महिने होता. मी शाळेतून यायची, पेपरांचे गठ्ठे असायचे, स्वयंपाक, सासूबाईंचं आजारपण. जेवणाच्या टेबलावर त्याला भराभरा दोन गणितं करून दाखवायची. "समजलं? काही शंका?" – "नाही ताई!" त्याच टेबलावर तो नापासाचा निकाल घेऊन आला, आणि मी म्हटलं, "डोक्यात शिरत नाही तर कशाला हा हट्ट या वयात?" 

असं म्हणाले मी. बाई असून.

तो हसला. आठवड्यानं नाशिकला गेला, कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली. सहा वर्षांनी तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. ट्रंक इथंच राहिली. 

२३ मार्च

गुलाबरावाला हिंदी पुस्तकातले शब्द झेपत नाहीत. बारावी मराठीतून. माध्यिका म्हणजे आपला मध्यक, हेच कळेना. मग मी ट्रंक उघडली. विजयचं मराठी पुस्तक खाकी कव्हर घालून तसंच ठेवलेलं. चाळून बघायचा धीर झाला नाही. तसंच उचलून गुलाबरावाच्या हातात दिलं. "माझ्या भावाचं आहे. जपून."

त्यानं दोन्ही हातांनी घेतलं.

२४ मार्च

शामरावांनी तोडगा काढला. "अहो, ती हुकमाची माणसं. विनंती कसली करता? हुकूम द्या!" कधी कधी या माणसाचं डोकं चालतं.

३० मार्च

हुकूम दिला – पुढच्या वेळेपासून प्रत्येकानं एक शंका आणायची. शंका आणल्याशिवाय चहा नाही! पाचजण एकमेकांकडे बघायला लागले. राठौडजींचा मेहुणा आहे वर्गात, तो पुटपुटला, "मैडमजी, शक नहीं हुआ तो?" म्हटलं, "तो प्यासे जाओगे."

६ एप्रिल

आज काय सांगू! चौघांनी टंगळमंगळ केली, आणि गुलाबरावानं हात वर केला. उभा राहून, समोर भिंतीकडे बघत, पाठ म्हटल्यासारखं – "बाई, परत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते काढलं. काही वजा आले. तर वर्ग कशापायी करायचा? वजाचं चिन्ह नुसतं पुसलं तर काय बिघडतं?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकानंही विचारला नव्हता! सगळे सूत्र घोकतात, वर्ग करतात, वर्गमूळ काढतात, पुढं जातात. मी खडू घेऊन उठले. पुसलं तर बिघडत नाही, तेही एक माप आहे, पण वर्ग केला की लांबच्या आकड्याचं वजन वाढतं – हे दाखवता दाखवता चाळीस मिनिटं गेली. मग बाकीच्यांची तोंडं उघडली. एकेक असा सुटला! सगळ्यांना चहा, गुलाबरावाला दोनदा.

आनंदानं जेवण गेलं नाही. विजयनं एकदा, एकदाच असं विचारलं असतं तर? पण फौजेनं त्याचीही जीभ बांधून ठेवलेली. माझं चुकलंच, पण सगळं माझंच नव्हतं. आज पहिल्यांदा असं वाटलं.

२० एप्रिल

आज अकरा शंका. चहा तीनदा गरम केला.

८ जून

शेवटचा वर्ग. बेचाळीस डिग्री, कूलरमधून गरम वाफ. सराव परीक्षेत गुलाबरावाला शंभरात एकतीस. पस्तीस लागतात. जाताना म्हणाला, "बाई, गेटवर उभं राहायला पदवी लागत न्हाई. जमलं न्हाई तर मी मजेत हाय." 

मी चिडले. "मजेत हाय म्हणायचं नाही माझ्यासमोर! उद्यापासून रोज यायचं. ड्यूटी संपली की सरळ इकडे." 

रोज येतो म्हणाला. बघू.

१९ जून

पेपर झाला. संध्याकाळी सरळ इकडेच आला, घामानं निथळत. पर्यवेक्षक आत आले तर हा म्हणे सवयीनं सावधान उभा राहिला, अख्खा हॉल हसला. 

पण खरी गोष्ट पुढं. मोठ्या प्रश्नातला एक आकडा नीट छापलेला नव्हता. तीन की आठ कळेना. "मागल्या बारीला बी असंच झालतं, बाई. सोडून दिला सगळा प्रश्न. कसं विचारायचं?" आणि आज? "आज हात वर केला." पर्यवेक्षक चौकशी करून आले – आठ. 

आठ! बस. निकाल काहीही लागो.

नाही, काहीही लागून चालणार नाही. पास होऊ दे रे देवा.

३ ऑगस्ट, शनिवार

बावन्न!! 

गुलाबराव, त्याची बायको सुवर्णा, मुलगी मयूरी – तिघंही आले, तीजेच्या सणाची इथली मिठाई, घेवर घेऊन. मयूरी म्हणते, "आजी, पप्पा मतलब... खूपच रडले." त्यानं तिला डोळे दाखवले. शामरावांनी कडक सॅल्यूट ठोकला, उलट्या हातानं. सगळे हसलो. बाकीच्यांतले तिघे पास, मेहुणेबुवा राहिले. त्यांना पुढच्या शनिवारी बोलावलंय.

निघताना त्यानं विजयचं पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं. कव्हर नवं घातलंय. मग तिथंच घुटमळला. 

"बाई, एक खोटं बोललोय. तो पयला प्रश्न माझा न्हवता. माझ्याकडं शंकाच न्हवती, चहा मात्र पायजे हुता. या पुस्तकात मागं पेन्सिलीनं लिवलंय, त्यातला पाठ करून आलो. माझ्या शंका त्यानंतर सुरू झाल्या."

तिघंही गेली. पुस्तक टेबलावर आहे. उद्या बघीन.

४ ऑगस्ट

शेवटच्या कोऱ्या पानावर विजयचं अक्षर. वर लिहिलंय – "ताईला विचारणे". खाली नऊ प्रश्न. प्रत्येकापुढे तारीख, आणि तारखेपुढे दर वेळी तेच – "आज ताई दमलीय. उद्या."

पहिल्याचं उत्तर देऊन झालंय. पेन्सिल घेऊन दुसऱ्याला बसलेय.