फिल्टर ठीक आहे

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं कळवलं. सिंथेसायझरचा फिल्टर मेला, असं ठामपणे लिहिलं होतं. तो मेलेला नाही, चांगला ठणठणीत आहे. मी बाबांच्या सांगण्यावरून लिहिलं, स्वतः मोजलं नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही हे त्यांनीच मला शिकवलं, शाळेत जायच्याही आधी, हातात डाखाची तार देऊन. फिल्टर म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, हे तुला काय सांगायचं. तुमच्या बँडमध्ये बाबा वाजवायचे तेव्हा तुझ्या गाण्यामागे त्याचीच तर लाट उठायची.

आत्या, मी अगदी कावले आहे. जेवणाचं टेबल सिंथखाली गेलं ते गेलंच. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. साखरेचा डबा उघडण्याआधी आई तो हलवून बघते, आत स्क्रू वाजतो का म्हणून. आणि चीड याची की दुरुस्ती कधीच संपली आहे! गंजलेले सांधे मी साफ केले, सुकलेले कपॅसिटर बदलले, पट्ट्या सुरात लावल्या. तुझा तो जुना सिंथ तेव्हाच पूर्वीसारखा वाजू लागला होता. पण बाबांचं एकच पालुपद, “पांघरूण घेतलंय गं त्याने, पांघरूण! आवाज उघडत नाही.” मग सुरू झाल्या सुधारणा. आवाज उजळ करायला एक बटण बसवलं, त्यासाठी पुढच्या सुंदर पत्र्याला भोक पाडलं. मी तोंड फिरवून उभी राहिले. तरी पांघरूण आहेच. मग दुसरं बटण. शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, “दातांच्या डॉक्टरांचं मशीन घरी आणलंय का गं?” आई कानात कापूस घालून भाजी चिरते आणि बाबा म्हणतात, “हिला पहिल्यापासून संगीताचं वावडं.”

रविवारी सकाळी मी शेवटी आवाजाचा जोर मोजणारा मीटर जोडला. हा फिल्टर पुरता चढवला की आपणहून शिट्टी वाजवतो, तुला आठवत असेल. मी नॉब सावकाश फिरवत शिट्टी वर वर नेत होते. बाबा माझ्याकडे पाठ करून डब्यात वॉशर शोधत होते. मध्येच म्हणाले, “बंद का केलंस?” आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आई ओरडली, “अगं बंद कर ते, डोकं फुटेल माझं!”

मी बंद केलं नव्हतं. मीटरचा काटा होता तिथेच होता.

नॉब तपासते असं सांगून मी शिट्टी पुन्हा खाली आणली, पुन्हा वर नेली. खाली आली की बाबा म्हणायचे, “हां, आता लागला.” वर गेली की, त्याच खुणेपाशी, “गेला बघ. म्हणतोय ना मी, मेलाय तो!” किती आनंद झाला होता त्यांना, स्वतःचं खरं ठरल्याचा. आईला सांगितलं तेव्हा तिने कानातला कापूस काढला. मग म्हणाली, “आणि मला वाटायचं, माझं ऐकायचंच नसतं त्यांना.”

आता नवा फिल्टर बोर्ड आला आहे आणि तो बसत नाही. म्हणून शनिवारी बाबा जुना बोर्ड करवतीने कापून काढणार. असे बोर्ड आता कोणी बनवत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. करवत लपवावी असं मनात आलं, पण ती लबाडी झाली. शिवाय करवत लपवून बाबांचे कान थोडेच बरे होणार आहेत? जे मी सांगणार, त्याच्यासाठी मला शब्दच सापडत नाहीत. सगळ्या बँडमध्ये सर्वांत आधी बेसूर कोण पकडायचं, तूच सांग.

तुला एवढं लिहिलं ते यासाठी, की मी सांगितल्यावर ते आधी माझ्यावर चिडतील, मग मीटरवर, आणि मग तुला फोन लावतील. “तू तरी सांग, तुला कधी वाटलं का असं?” म्हणतील. आणि तू मायेने म्हणशील, “छे रे दादा, पोरगी उगीच घाबरते.” घाबरते मी, खरंच आहे. पण दादा हल्ली फोनवर ओरडून का बोलतो, हे मला तूच विचारलं होतंस. तेच त्यांना सांग. एवढंच कर, नरम पडू नकोस. कानांच्या डॉक्टरांकडे शुक्रवारी सकाळची वेळ घेतली आहे. बाबांना मी आदल्या दिवशी सांगणार आहे, चहा झाल्यावर, सिंथ बंद असताना: गुरुवारी, बारा तारखेला.

तुझीच घाबरट भाची