बिनजाळाचं सूप

अहो मिलिंदचे बाबा,

सप्रेम जयभीम. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली, पण मी एक ओळ लिहिली नाही. रडगाणं लिहायला मला येत नाही आणि तुम्हाला ते वाचवलं नसतं. आज लिहिते, कारण आज मी जिंकले.

आधी भांडण ऐका. उन्हाळ्यात माझ्या हातून गॅसवर दूध राहिलं. पातेलं काळं झालं, घरभर धूर. शेजारणीनं मिलिंदला फोन केला. तो दिलसुखनगरहून धावत आला आणि शेगडी, सिलिंडर दोन्ही उचलून घेऊन गेला. म्हणाला, "आई, मलकपेठचं घर बंद कर. आमच्याकडं चल." तेलंगण वेगळं होतंय, तर सरकारसुद्धा आपल्या कर्मचाऱ्यांना विचारतंय, या राज्यात राहता की त्या? आपल्या पोरानं मला तेवढंही विचारलं नाही. तुम्हीच लाडावून ठेवलेला.

मग तुमच्या नातीनं, प्रज्ञानं, मला स्लो कुकर आणून दिला. आत चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. जाळ नाही, शिट्टी नाही. भाज्या घाला आणि चार तास बसा. मिलिंद म्हणाला, "ठीक आहे. रविवारी आम्हाला यातलं जेवू घाल. जमलं तर राहा इथं. नाही जमलं तर बॅग भर."

आधी एकदा करून बघितलं. टोमॅटोत सकाळीच दूध ओतलं, पार फाटलं. मांजरानंही हुंगून सोडलं. शिवाय मी दर दहा मिनिटांनी झाकण उचलत होते. प्रज्ञा म्हणाली, "आजी, वाफ जाते. नक्को उघडू." तुम्ही चाळीस वर्षं म्हणालात, "गया, तुझा जाळ आणि तुझी जीभ, दोन्ही जरा कमी कर." घ्या, त्यातलं एक तरी कमी झालं.

आज रविवार. आज दूध नाही, साय नाही. वांग्याच्या रश्श्यात, बगारा बैंगनात घालतो ना, ते तीळ, शेंगदाणे, खोबऱ्याचं वाटण घातलं. शेंगदाणे फुटाणेवाल्याकडून भाजलेले आणले, माझ्याकडं जाळ कुठं होता? दुधी, गाजर, फ्लॉवर, बटाटा. आठ वाजता बटण दाबलं आणि साडेदहाला करंट गेला.

तेवढ्यात मिलिंद प्रज्ञाला घेऊन हजर. हातात हॉटेलच्या बिर्याणीचा डबा. "असू दे म्हटलं," म्हणे. बंद कुकरकडं बघून हसला. असा राग आला मला! प्लग काढला, जाड गोधडी कुकरला गुंडाळली आणि म्हटलं, "बस गप. कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा तिला करंट लागतो का?"

साडेबाराला झाकण काढलं. गाजर चमच्यानं दाबलं तर मोडलं. मिक्सर बंद, म्हणून रवीनं घुसळलं. सायीसारखं दाट झालं. मिलिंदनं एक वाटी संपवली, दुसरी संपवली, तिसरी स्वतः वाढून घेतली. बिर्याणीचा डबा कुणी उघडलासुद्धा नाही. वाटी पुसून घेतल्यावर म्हणतो, "मीठ जरा कमी आहे." तुमचाच मुलगा. पण बॅगचं नाव काढलं नाही. जाताना चपला घालता घालता विचारलं, "पुढच्या रविवारी काय करणार?"

एक मात्र डाचतं. तुमच्या शेवटच्या आजारात डॉक्टरनं सूप द्या म्हटलं, आणि मी दहा मिनिटांत पाणचट काहीतरी उकळून दिलं. गाजर कच्चं होतं. तुम्ही हिरड्यांनी चघळत राहिलात आणि "चांगलंय" म्हणालात. का हो? जन्मभर माझ्या स्वयंपाकात खोट काढलीत, त्या दिवशी तरी बोलायचं होतं. मी परत केलं असतं.

असो. वचन देते, या घराला कुलूप दिसलं तर समजा, गया भाजी आणायला गेलीय.

तुमची, अजून मलकपेठेतलीच,
गयाबाई