कॉम्प्युटरची सीट मी सोडली आहे

देवपूर, धुळे
१९ ऑगस्ट २०२५

ती. आबांना,

शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष एवढीच, की पत्र शेवटपर्यंत वाचावं. मग फाडायचं तर फाडावं.

काल तुम्हाला तीनदा फोन लावला आणि तुम्ही तीनदा कट केलात. पत्र कट करता येत नाही, म्हणून कुंदाआत्याकडून फुलस्केप मागून घेतले.

जळगावच्या कॉलेजातली कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट मी सोडली आहे. मला कुणी फसवलं नाही, कुणी माझे कान भरले नाहीत. ऑफर लेटर माझ्या नावाने आलं होतं आणि रद्द करण्याचा अर्ज मीच माझ्या सहीने दिला. इथे देवपूरच्या कॉलेजात बी.एस्सी. भूगर्भशास्त्राला नाव घातलंय. वर्गात आम्ही अकरा जण, त्यात मुली दोन.

ऑफर आली त्या दिवशी तुम्ही नशिराबादेत घरोघर पेढे वाटलेत. लोक आता काय विचारतील ते मला समजतं आणि त्याचं वाईटही वाटतं. पण पेढे वाटून झालेत म्हणून मी चार वर्षं नको त्या वर्गात बसू का?

सात वर्षांची होते तेव्हापासून तुमच्यामागे शेतं तुडवली. विहिरीची, बोअरची जागा दाखवायला लोक पाणाड्या म्हणून तुम्हाला लांबलांबून बोलवायचे. तुम्ही तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचात, तो उभा राहिला की मी तिथे चुन्याची फुली मारायचे. दरवेळी मनात यायचं, इथेच का? खाली आहे तरी काय? हे शिकवणारा कोर्स असतो ते मला जुलैत कळलं, आणि तेव्हा ऑफर हातात आली होती. आधी कळलं असतं तर फॉर्मच दुसरा भरला असता.

आईला दोष देऊ नका. तिने फक्त बॅग भरून दिली.

तुमचा लोभ आहे, तो एवढ्याने आटू नये.

तुमची,
चारुलता

———

देवपूर
२१ ऑगस्ट २०२५

चि. जीवरामास,

कुंदाअक्काचे आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल, तू सोडून.

तुझी लेक माझ्याकडे आहे. दोन बॅगा आणि एक हातोडी घेऊन आली. हातोडी कशाला, म्हणून विचारलं, तर दगड फोडायला लागते म्हणाली. मी म्हटलं, नारळ फोडायला तरी दे. राखी नुकतीच झाली आहे, तेव्हा पुढच्या राखीपर्यंत माझ्यावर रागवायला तू मोकळा आहेस.

मी तिची बाजू घेतलेली नाही. दारात उभं करूनच सांगितलं, की बापाशी भांडून आलेल्या पोरीला दोन दिवस ठेवीन, तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसवीन. ती म्हणाली, बसमध्ये बसवलंत तर पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत येईन. हा हट्ट तिने कुठून आणला ते मला सांगू नकोस. विहिरीत पोहायला देत नाहीत म्हणून दोन दिवस उपाशी बसलेला एक भाऊ मला आठवतो.

पोर येताजाता दगड गोळा करून आणते. शेजारच्या तानुबाई रोज विचारतात, पोर दगडं गोया करस, येडी शे का? मी सांगते, बापावर गेली आहे.

मनात असेल ते तिला लिही. गप्प बसू नकोस, तुझं गप्प बसणं फार वाईट असतं. आमच्यावर जीव आहे तेवढा असू दे.

तुझी,
अक्का

———

नशिराबाद
३० ऑगस्ट २०२५

चि. चारुलतास,

आशीर्वाद. तो द्यावा लागतो म्हणून दिला आहे.

पत्र वाचलं, फाडलं नाही. मी अडाणी माणूस नाही, जुनी बारावी आहे. पण तू माझ्याशी वागलीस ते मला समजलेलं नाही.

केळीत राबून माझी पाठ गेली. तू सावलीत, पंख्याखाली बसून काम करावंस एवढीच इच्छा होती. तुझा चुलतभाऊ हितेंद्र पुण्याच्या कंपनीत आहे, त्याचे हात बघ आणि माझे बघ. तुला तसे हात मिळत होते. तू काय मागितलंस, तर हातोडी.

आणि खरं बोलायचं तर तेवढंच नाही. जाण्याआधी तू ती वही माझ्यापुढे टाकलीस. एकशे त्रेचाळीस जागा, कुठे पाणी लागलं, कुठे नाही. लागलं ते अठ्ठ्याऐंशी ठिकाणी. राहिलेल्या पंचावन्न जागा तू चौथीपासून लिहून ठेवत होतीस, आणि माझ्याच ताटात जेवत होतीस. मी कुणाकडून कधी रुपया घेतला नाही. लोक विश्वासाने बोलावतात, मी विश्वासाने जातो. आता लोक म्हणतील, जीवराम पाणाड्याची पोरगी बापाला खोटं पाडायचं शिक्षण घेते आहे.

जळगावच्या कॉलेजात विचारून आलो. तुझी जागा भरलेली नाही, पाच तारखेपर्यंत परत घेतील. पाच तारखेनंतर मला पत्र लिहायची तसदी घेऊ नये.

कळावे, आणि कळून घ्यावे.

जीवराम

———

देवपूर
९ सप्टेंबर २०२५

ती. आबांना,

नमस्कार. पाच तारीख गेली. पत्र तरीही लिहिते आहे.

वही तुमच्यापुढे टाकायला नको होती, रागात टाकली. तेवढ्याची माफी मागते. लिहिल्याची मागत नाही.

तुम्हाला खोटं पाडायचं असतं तर मी वही गावात दाखवली असती. मी ती कुणालाच दाखवली नाही. पंचावन्न ठिकाणी माणसं यंत्राकडे डोळे लावून उभी असायची आणि खालून नुसती कोरडी धूळ यायची. मग तुम्ही घरी येऊन न जेवता झोपायचात. ते मी पाहिलंय. तेव्हा मला वाटायचं, आबांनी विचारावं तरी कुणाला? देवाला विचारून झालं, नारळाला विचारून झालं. मला वाटलं, मी शिकते.

पंख्याखाली काम करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण तुमच्या पाठीची भरपाई माझ्या हातांनी करायची, असा करार माझ्याशी कुणी केला नव्हता. माझ्या हातांना घट्टे पडू द्या.

परवा शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी नेलं होतं. एका ओढ्याच्या काठावर सरांनी वाळूचे, गोट्यांचे, चिकणमातीचे थर दाखवले. एकावर एक, धिरड्यांसारखे. मी तिथून हलेना, शेवटी बसने तीनदा हॉर्न दिला.

दिवाळीला घरी येणार आहे. दार उघडलं नाहीत तर ओट्यावर झोपेन.

बाकी माया आहे तशी असू द्यावी.

तुमची,
चारुलता

———

नशिराबाद
२ नोव्हेंबर २०२५

ती. कुंदाअक्कास,

जीवरामचा नमस्कार. दिवाळीची भाऊबीज पोचली असेल. आता तुझ्या लाडकीचा पराक्रम ऐक.

तोताराम नानांच्या मळ्यालगत वस्ती झाली आहे, पंधरा घरं. पाणी प्यायला बायका अर्धा कोस जातात. त्यांनी बोअरसाठी मला बोलावलं. मी आंघोळ करून, अनवाणी गेलो. बांधाजवळ जागा दिली. नानांनी नारळ वाढवायला हात उचलला, तेवढ्यात चारू पुढे झाली. पंधरा घरांच्या माणसांसमोर म्हणाली, की इथे मारू नका. शेजारच्या विहिरीत साठ फुटांवर काळा पत्थर लागलेला दिसतो, तो असाच खाली गेला असेल, पैसा आणि मेहनत वाया जाईल. नाल्याच्या वळणावर मारा. वर आणखी ऐकवलं, की बोअरमधून काय निघतं ते इकडे कुणी नीट बघतसुद्धा नाही.

अक्का, माझ्या वयाचे लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. लताबाई म्हणून तिथली एक सून आहे, ती हळूच म्हणाली, पोर शिकलेली आहे, ऐकून तर घ्या. मी म्हणालो, तीन महिन्यांचं शिक्षण आहे. नानांनी माझा मान राखला. जागा माझीच ठरली.

घरी येऊन मी तिला विचारलं, की घरात सांगितलं असतंस तर? ती म्हणाली, घरात तुम्ही ऐकत नाही, आणि पाणी घरात नाही, मळ्यात लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी निघून गेली. बोअर डिसेंबरात आहे. तू तिला काही सांगू नकोस, वेळ आली की मीच सांगेन.

तुझा,
जीवराम

———

नशिराबाद
१२ डिसेंबर २०२५

चि. चारुलतास,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

काल तोताराम नानांकडे बोअर झाला. मी दिलेल्या जागेवरच. दोनशे साठ फुटांवर पाणी लागलं. पाच इंचांच्या पाइपातून भसाभस बाहेर आलं. बायकांनी त्याच पाण्याने माझे पाय धुतले, मी नको नको म्हणत होतो तरी. लताबाई माझ्याकडे बघून हसली, पण टोमणा मारला नाही.

मीही मारत नाही. एवढंच म्हणतो, की जे शिक्षण पहिल्याच घासाला चुकलं ते पुरे झालं. वय लहान आहे, एक वर्ष गेलं असं समजू. पुढच्या जुलैत पुन्हा फॉर्म भर, तुझे मार्क चांगले आहेत, कॉम्प्युटर पुन्हा मिळेल. परत येण्यात कमीपणा नाही. आईने तुझी खोली सारवून ठेवली आहे.

उत्तर लवकर पाठव. आमचा जीव तुझ्यात आहेच, वेगळं काय लिहू.

आबा

———

देवपूर
२० डिसेंबर २०२५

ती. आबांना,

नमस्कार. वस्तीला पाणी लागलं, याचा आनंद मला तुमच्याइतकाच झाला. आत्याने शिरा केला.

मी चुकले. तुमच्याकडे तोंडी मान्य करायला लाज वाटली असती, म्हणून इथे लिहून देते: तोताराम नानांच्या मळ्यात मी सांगितलं ते चूक होतं. हे पत्र वस्तीवर वाचून दाखवलंत तरी चालेल. सगळ्यांसमोर बोलले होते, तर चूकही सगळ्यांसमोर असू दे.

पण मी परत येणार नाही.

चुकले हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सरांच्या खोलीपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी आधी मला झापलं, की एका विहिरीचा काठ बघून तू अख्खा मळा सांगितलास कसा. मग फळ्यावर काढून दाखवलं. आपल्याकडचा काळा पत्थर एकसलग नसतो. लाव्हा एकावर एक येऊन साचलेला असतो, आणि दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असू शकतो. त्याच्याखाली भेगाळलेला दगड आणि त्यात पाणी. मी वरचाच थर बघितला आणि खाली सगळं तेच असेल असं धरून चालले. तांबडा पट्टा खरंच होता का, कितीवर होता, हे बोअरचा चुरा बघितला असता तर कळलं असतं. आता तो वाऱ्यावर गेला असेल.

आबा, तुम्ही पंचावन्न वेळा चुकलात, मी एकदा. फरक एवढाच, की मला का चुकले ते विचारायला जागा आहे. ती जागा मी सोडणार नाही. पहिल्या घासाला खडा लागला म्हणून ताटावरून उठणाऱ्यांतली मी नाही. तुम्हीच तसं वाढवलं नाही मला.

जुलैत फॉर्म भरणार नाही. पुढच्या जुलैतही नाही. खोली सारवली आहे तर त्यात बियाणं ठेवा. सुटीत आले की ओट्यावर झोपेन, सवय आहे.

रागवायचं तर रागवा, पण माणूस आपलं समजून रागवा.

तुमची,
चारुलता

———

नशिराबाद
४ जानेवारी २०२६

चि. चारूस,

आशीर्वाद.

तुझं पत्र वस्तीवर वाचून दाखवलं नाही. तोताराम नानांनी मागितलं होतं, तरी दिलं नाही. कारण ते वाचलं तर त्यामागून मलाही काही वाचून दाखवावं लागेल. ते आधी तुला लिहितो. तू लिहून दिलंस, मीही लिहून देतो.

त्या दिवशी नानांच्या मळ्यात नारळ कुठेच उभा राहिला नव्हता. बांधाजवळ मी थकून थांबलो होतो. सगळे बघत होते, म्हणून बोट दाखवलं. तू नको म्हणालीस तेव्हा खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण एवढ्या लोकांत पोरीपुढे बोट मागे घेणं मला जमलं नाही. तुझ्याशी भांडण झालं नसतं तर मी कदाचित जागा बदलली असती आणि वस्ती अजून अर्धा कोस चालत राहिली असती. याला काय म्हणायचं ते तुझ्या सरांना विचार.

बोअरच्या आदल्या रात्री डोळा लागला नाही. सकाळी यंत्र सुरू झालं, आणि तू म्हणाली होतीस की बोअरमधून काय निघतं ते कुणी बघत नाही. म्हणून मी पाइपाजवळच उभा राहिलो. दर वीस फुटांना मूठभर चुरा घेतला, पिशवीत भरला, केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाने बांधला आणि चिठ्ठीवर फूट लिहिले. यंत्रवाला हसत होता. अशा तेरा पिशव्या आहेत. शेवटच्या दोन तांबड्या आहेत. कशाच्या ते मला माहीत नाही.

येत्या रविवारी, अकरा तारखेला, सकाळच्या भुसावळ-धुळे गाडीने घेऊन येतो आहे. पिशव्या जड आहेत, स्टँडवर ये. अक्काकडे चहाला येणार नाही, अजून राग आहे. तुझ्याशी बोलेनच असंही नाही. पिशव्या देऊन परतीच्या गाडीने येणार.

मी नमलो असा अर्थ काढू नये. कॉम्प्युटर चांगलंच होतं. आईचे आणि माझे आशीर्वाद, जे तुला कधी नव्हते असं नाही.

तुझा,
आबा

ता. क. चिठ्ठ्यांवरचं अक्षर ओल्या हाताने लिहिलं आहे. लागलं नाही तर विचार, मी सांगेन.