चुन्नीलाल शेठच्या हवेलीत मोह शिरला त्याची हकीकत

गोंदिया, वैशाख शुद्ध पंचमी, सन १९०३

चिचगडचे यादोराव भाऊजी यांच्या पायांवर केवलराम मिस्त्रीचं डोकं. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या कागदावरच.) तुमचा खोकला, लंगडा बैल आणि आमची बाई, तिघांची तब्येत बरी असावी. बाईला म्हणावं, भाऊबीजेला तिला पक्क्या घराचा शब्द दिलाय, तो भावाच्या ध्यानात आहे. दरवर्षी असतो.

भाऊजी, रेल्वे आली तेव्हा गोंदियात काय होतं? स्टेशन, चार झोपड्या आणि डास. आज गाडीतून उतरलेला माणूस ज्या दुकानात शिरतो ते माझ्या हातचं, ज्या धर्मशाळेत निजतो तीही माझ्याच हातची. लोक म्हणतात, केवलरामनं ओळंबा सोडला की वाकडा माणूसही सरळ उभा राहतो. (लोक म्हणजे मीच, पण अजून कोणी नाही म्हटलं नाही.) आता चुन्नीलाल शेठ चाळीस दुकानांची नवी पेठ वसवून राहिले. मधोमध चौक, चारी बाजूंनी सरळ रस्ते, नकाशा माझा. जन्मभर हाच नकाशा उशाशी घेऊन झोपलो. शेठची अट एकच, आधी त्यांची हवेली निर्दोष उभी करायची.

केली की! नडला तो गूळ. चुना मळायच्या घाणीत बेलाचं पाणी आणि गूळ घालावाच लागतो. ऐन गिलाव्याच्या वेळी गूळ संपला आणि मुहूर्त तर दारात. म्हटलं, गोड ते गोड! तुम्ही पाठवलेल्या मोहफुलांच्या चार पोत्यांतली तीन भिजवली आणि दिली चुन्यात लोटून. चुना असा धरला की खिळा ठोकला तर खिळाच वाकला. मी मिशीला पीळ दिला.

मग ऊन तापलं. (मोह आणि ऊन यांचं कसं जमतं, हे आपण झाडीतल्या माणसानं विसरावं?) आधी मुंग्या आल्या. मग गाई येऊन भिंती चाटू लागल्या. परवा वास्तुशांतीला असा वास सुटला की भटजींनी संकल्प तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा हसले. कामावरची पुष्पाबाई सगळ्यांदेखत मला विचारते, "काऊन जी मिस्त्री, भितीले दारू पाजली का?" तेवढ्यात वासावर अबकारीचा दरोगा आला. कोठीपासून न्हाणीपर्यंत भट्टी शोधली. सापडली नाही, तेव्हा भिंतीला नाक लावून उभा राहिला तो हलेचना. शेठ रागावले की हिंदीत जातात. "मिस्त्री, ये हवेली है के कलाली?"

वास दोन पावसांत जाईल हो, पण पेठ आत्ताच हातची जाऊन राहिली होती. खोटं कशाला सांगू, चौकासाठी आणलेल्या दगडावर बसून मी रडलो. शेवटी शेठला म्हटलं, ही आमच्या झाडीतली जुनी रीत आहे, मोहाचं घर शंभर वर्षं हलत नाही. शेठ थंडावले.

बाकी सारं ठीक. थोरांपुढे वाकलो, लहानांच्या गालाला हात लावला, असं समजावं.

तुमचा मेहुणा,
केवलराम

ता.क. – मोहाचं उरलेलं पोतं दरोग्यानं पुरावा म्हणून नेलं. पुरावा रोज कमी होऊन राहिला म्हणतात.

दुसरा ता.क. – शेठ म्हणाले, असं मोहाच्या चुन्याचं एक जुनं घर दाखव, मग पेठ तुझी. माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. वद्य अष्टमीला ते चिचगडला येतील. तुमचं घर कुडाचं आहे, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

तिसरा ता.क. – उद्या विटा-चुन्याच्या गाड्या आणि अठरा गवंडी घेऊन निघतो. कुडाच्या भिंती पाडून ठेवा. चुन्यात गूळच घालीन, बाईच्या घराशी खेळ नाही. तिला एवढंच शिकवा, शेठनं विचारलं तर घर दहा वर्षांचं आहे म्हणावं. तिला खोटं बोलता येत नाही, ठाऊक आहे. पण शब्द देऊन दहा वर्षं झालीच आहेत, तिनं तिथूनच मोजावं.