डाव्या पायावर

मु. पो. कडा, ता. आष्टी, जि. बीड
दि. १७ जानेवारी

आदरणीय अर्जुनसर,

सोमनाथचा वाकून नमस्कार. संक्रांत होऊन गेली, सोबत तिळगुळाची पुडी आहे. आईने स्वतः वळलाय. 'घ्या' एवढंच म्हणतो. पुढचं म्हणायची माझी लायकी उरलेली नाही, कारण सरावाच्या मैदानावर सगळ्या पोरांसमोर तुमच्या अंगावर ओरडलो तो मीच. तुमचा फोन लागत नाही, म्हणजे तुम्ही माझा नंबर बंद केलाय. बरोबरच केलंय. मीही तेच केलं असतं.

इकडे सगळं ठीक. भागवतदादा मेंढरं घेऊन उसाच्या रानाकडे गेलाय, तोडणी झालेल्या वावरात बसवायला. थंडी बेताची. आईची तब्येत बरी आहे. तुमची आठवण काढते. 'मेंढरं कोंडून ठेवणारे सर' असंच म्हणते अजून. दादाच्या मागे मेंढरं हाकत मी पुण्याकडे उतरलो आणि आमची मेंढरं तुमच्या गोल्फच्या हिरव्यागार गवतात घुसली, ती गोष्ट ती पाहुण्यांना रंगवून सांगते. तुम्ही मेंढरं सोडून दिलीत आणि मला ठेवून घेतलंत, असा तिचा शेवट असतो.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात पात्रता फेरी आहे. त्यात बसलो नाही तर वर्षभर मोठ्या स्पर्धांना पाय ठेवता येणार नाही. आणि माझा स्विंग जसा मोडलेला होता तसाच आहे. लांबच्या फटक्याची काठी, ड्रायव्हर, मारला की चेंडू उजवीकडे सुटतो, झाडीत जातो. तुम्ही ओरडायचात ते कानात बसलंय, "वजन मागेच राहतंय! डाव्या पायावर ये, सोम्या, डाव्या पायावर!"

उन्हाळ्यापासून तुम्ही काय नाही केलं? माझे व्हिडिओ हळू करून बघितलेत, रेघा मारून दाखवल्यात. आधी पकड बदललीत. मग पाय जवळ घ्यायला लावलेत. खांदा कमी फिरव म्हणालात, काखेत टॉवेल धरून शंभरदा मारायला लावलंत. ड्रायव्हरची काठीसुद्धा बदलून आणलीत. सगळं मुकाट्याने केलं, आणि दर वेळी चेंडू उजवीकडेच गेला. तुम्ही डोक्याला हात लावून बसायचात तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण सर, चूक कुठे आहे ते मला माहीत होतं. जखम मांडीला अन् मलम शेंडीला, असं आपलं चाललं होतं. मांडी मी झाकून ठेवली होती.

व्हिडिओत बूट दिसत होते, बुटाच्या आतलं दिसत नव्हतं. म्हणून आज व्हिडिओ न पाठवता लिहायला बसलोय.

तुम्हाला ती स्पर्धा आठवते, जिच्यात मी शेवटच्या खड्ड्यापर्यंत बरोबरीत होतो आणि दुसरा आलो? तुम्ही मला मिठी मारलीत, दुसरा म्हणजे लई झालं म्हणालात. घरी आल्यावर आई म्हणाली, "दुसरा कावून? पैला ये. तू पैला येस्तवर म्या पायात वहाण घालायची न्हाई. बिरोबाला बोललेय म्या."

आमच्याकडे नवस बोलला म्हणजे बोलला. मी हसलो. पुढच्या दोन-तीन स्पर्धांत येईन की पहिला, असं वाटलं होतं. आईला साखर आहे, हे तेव्हा ध्यानातच घेतलं नाही. तिचे पाय म्हणजे आयुष्यभर मेंढरांमागे चाललेले, दगडासारखे. पण साखरेने पाय बधिर होतात, सर. ठेच लागलेली कळत नाही. अंगठ्याला जखम झाली तीही तिला कळली नाही, दादाला अंगणात रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा कळली.

मी हात जोडले, भांडलो, जेवलो नाही. ती ऐकेना. खाण तशी माती म्हणतात, तिचा हट्ट आणि माझा हट्ट एकाच खाणीतला. शेवटी बिरोबाच्या ठाण्यावर आश्रुबा भगताकडे गेलो. आश्रुबा म्हणाला, "माय बोलली त्ये लेकाला अंगावर घेता येतंय. भंडारा उचल अन् तू बोल. तिची सुटका हुतीय." पाडव्याला मी भंडारा उचलला. पहिला येईपर्यंत मी वहाण घालणार नाही. आईने त्याच दिवशी चपला घातल्या, आणि अंगठा हळूहळू भरत आला.

तर सर, पाडव्यापासून मी अनवाणी आहे. पुण्यात तुम्ही मला बुटातच पाहिलंत, कारण मैदानाच्या फाटकाशी मी बूट घालायचो आणि निघताना तिथेच काढायचो. खेळाचा नियम आहे, बूट लागतातच, देव काही एवढा आडमुठा नसेल, असं मी माझ्याच मनाने ठरवलं. आश्रुबाला विचारलं नाही. आईलाही नाही.

चैत्रातच दादाच्या मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणापाशी बाभळीचा काटा डाव्या टाचेत गेला. ओढला तर अर्धा मोडून आत राहिला. वरून कातडी धरली आणि त्याचं कुरूप झालं. चालताना फार नाही, पण ड्रायव्हर मारताना सगळं वजन त्या टाचेवर आलं की कळ मस्तकात जायची. मग पाय आपोआप ती जागा टाळायला शिकला. मी शिकवलं नाही त्याला. तुम्ही कंबर दुरुस्त करत होतात, खांदा दुरुस्त करत होतात, आणि खाली टाच माझ्या नकळत मागे सरत होती.

तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन कापून घेतलं असतंत आणि दोन महिने खेळू दिलं नसतंत. दोन महिन्यांत माझी पहिला यायची संधी हुकली असती तर? असा हिशेब मी करत बसलो. आता लिहिताना माझं मलाच हसू येतंय. काटा टाचेत ठेवून मी पहिला येणार होतो!

जरा थांबलो होतो. आईने चहाला हाक मारली होती.

पुढचं लिहायला हात वळत नाही, पण आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

नवरात्रात आमच्या सुंदररावांचा वाढदिवस असतो. तालुक्यातले पुढारी, तुम्ही त्यांना एकदा भेटलाय. त्यांच्या माणसांनी कड्याच्या चौकात हा मोठा फ्लेक्स लावला. वर सुंदरराव हात जोडून, आणि खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही दहा-बारा जण. सगळ्यांचे चेहरे तेवढे गोलात, माझा मात्र उभा फोटो, ड्रायव्हर खांद्यावर घेतलेला, पायात पांढरेशुभ्र बूट. मला कुणी विचारलं नव्हतं. नंतर सुंदररावांकडे तक्रार घेऊन गेलो तर ते म्हणाले, "आरं, तालुक्याचं नाव केलंस तू. उभाच्या उभा टाकला, अजून काय पायजे?" त्यांच्याशी काय भांडणार. माणसाने कौतुकच केलं होतं.

आई बाजाराला गेलती. तिला वाचता येत नाही, पण बूट दिसतात. ती चपला हातात घेऊन घरी आली. योगायोगाने मी त्या दिवशी घरीच होतो.

"त्या फोटूत तुझ्या पायात काय हाय रं?"

"आई, ते खेळायचे बूट. तिथला नेम हाय तसा."

"तुझ्या खेळाला नेम हाय, अन् माझ्या देवाला न्हाई व्हय?" ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. चपला कोनाड्यात ठेवल्या. "तू घेतलातास, तू मोडलास. आता त्यो माझ्याकडं परत आला."

मी पाया पडलो. पायांशी बसून रडलो. दादा रडला. ती मेंढरांना पाणी दाखवायला गेली, अनवाणी.

अंगठा पुन्हा चिघळला. अंगठ्यावरून जखम वर सरकली. मी तोवर पुण्यात तुमच्याकडे, काखेत टॉवेल धरून. आणि ज्या दिवशी आपलं वाजलं, त्या दिवशी सकाळी नगरच्या दवाखान्यातून दादाचा फोन आला होता. डॉक्टर पाय काढायचा म्हणतात.

तो फोन खिशात ठेवून मी तुमच्यासमोर उभा राहिलो आणि तुम्ही म्हणालात, "बूट काढ. मोजेही काढ. अनवाणी मार, म्हणजे वजन कुठं अडतंय ते पायालाच कळेल."

सर, ते औषध बरोबर होतं. एवढे दिवस शोधून तुम्ही अगदी दाराशी येऊन पोचला होतात. मोजा काढला असता तर कुरूप दिसलं असतं, तुम्ही विचारलं असतंत, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. आणि त्या सकाळी माझ्याच्याने माझा उघडा पाय बघवणार नव्हता. म्हणून मी ओरडलो, "धनगराचं पोर म्हणून अनवाणी उभं करता काय? मी बूट काढणार नाही!" तुमचा चेहरा पडला तो मी पाहिला. मेंढरांच्या घाणीतून तुम्ही मला उचललंत, स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलंत, आणि तुम्हाला मी हे बोललो. तुम्ही मला मस्तवाल समजलात. मीच तसं समजायला लावलं.

वर लिहिलंय ना, आईची तब्येत बरी आहे. ते खोटं आहे. आईचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढलाय.

शुद्धीवर आल्यावर तिने पांघरूण हातानं चाचपून पाहिलं. मी तोंड फिरवलं तर म्हणाली, "कावून रडतूस? एक गेला. एक हाय अजून." डॉक्टरांनी मऊ तळाच्या चपला दिल्यात. डाव्या पायालाही भेग पडलीय, चप्पल घातली नाही तर तोही वाचणार नाही, असं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. मला बाहेर नेऊन आणखी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यापासून ती जोडी कोनाड्यात आहे. डावी ती घालत नाही, आणि उजवीचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

आता खेळ सोडावा म्हटलं तर तिचा नवस जन्मात फिटणार नाही. खेळावं तर हा असा खेळ. पहिला येईन तेव्हा येईन, पण तो पाय तोवर थांबणार नाही. परवा आश्रुबाला घरी घेऊन आलो, त्याने तिची समजूत घालून पाहिली. शेवटी ती एवढंच बोलली, "हा बिनवहाणाचा खेळताना मला दाव. घरी न्हाई, घरी कोन बी अनवाणी ऱ्हातंय. तिथं, सायेब लोकात. डोळ्यानं बघीन, तवा नवस ह्याचा. तवा मी घालीन."

म्हणजे सर, तिने मला जिंकायला सांगितलेलं नाही. पात्रता फेरीत अनवाणी खेळायला सांगितलंय.

कुरूप मी कापून घेतलं. आष्टीच्या डॉक्टरांनी काटा काढला तो तिळगुळाच्या पुडीत आहे, काडेपेटीत घालून. नखाएवढाच आहे. तुम्ही उन्हाळ्यापासून माझ्या व्हिडिओत जे शोधत होतात ते हेच, म्हणून पाठवतोय. फेकून द्या बघून. टाच अजून ओली आहे. कळ आता तेवढी नाही, पण पायाला सवय लागलीय, तो मागेच राहतो. काल मोकळ्या वावरात बूट न घालता चेंडू मारून पाहिले. पाय घसरतो, आणि वजन डावीकडे जाता जाता मध्येच थबकतं. सगळे चेंडू उजवीकडे गेले.

माझ्या दोन मागण्या आहेत. आयोजकांकडे तुमच्या शब्दाला किंमत आहे, त्यांना सांगून मला बिनबुटाचं खेळू द्या. कारण विचारलं तर खरं सांगा, मला लाज नाही आता. दुसरी मागणी, जो धडा तुम्ही त्या दिवशी सांगितलात आणि मी लाथाडला, तो मला द्या. पुण्यात बोलवा नाहीतर इकडे या. चार लोकांसमोर कान धरून उभं करा, पण शिकवा. मला दुसरं कुणी नाही, सर. दादा मेंढरं सांभाळेल, डॉक्टर जखम बांधेल, पण हे तुमच्याशिवाय कुणाला दुरुस्त करता येणार नाही.

हे लिहिताना समोर दार उघडं आहे. आई चहाची भांडी विसळायला उठलीय. कुबडी तिला आवडत नाही, बाबांची जुनी काठी टेकते, आणि हात मोकळे लागले की तीही भिंतीला लावून ठेवते. आता तशीच उभी आहे, चौकटीला खांदा टेकून. सगळं अंग डाव्या पायावर. खाली फरशी थंडगार आहे आणि पाऊल उघडं आहे.

तुम्ही एवढे दिवस माझ्याकडे मागत होतात ते असं असतं का, सर?

लवकर या. तो पाय आहे तोवर या.

तुम्ही मेंढरं सोडून ठेवून घेतलेला,
सोमनाथ