सोनेरी पडद्यावरचे करकोचे

ती. आईंना,
सुनेचा नमस्कार.

आज सकाळी सेक्टर १७ मधल्या त्या प्रदर्शनातल्या बाईंचा फोन आला. "माताजी कैसी हैं?" त्यांनी पडद्याखालची पाटी बदलली होती, ते तुम्हाला कळवायचं होतं. तुम्ही आम्हाला सोडून गेलात, एवढंच सांगून मी फोन ठेवला. मग लिहायला बसले.

आठवतं ना, आई? निफाडहून तुम्ही पहिल्यांदाच आमच्याकडे चंडीगडला आला होतात. यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मीच तुम्हाला जपानी चित्रं बघायला नेलं. सहा फळ्यांचा तो घडीचा पडदा, सगळा सोन्याच्या वर्खाचा! मी दोन मिनिटांत पुढे सरकले. तुम्ही तिथेच उभ्या. "वर्खाचे चौकोन चिकटवलेत बघ, सांधे दिसतात." मला कुठे दिसले होते!

मग मी खालची पाटी वाचून दाखवली, 'उडते बगळे'. त्यावर तुम्ही केवढ्यांदा म्हणालात, "अगं, बगळे कुठले! बगळा उडताना मान दुमडून घेतो. यांची मान बघ, काठीसारखी सरळ. करकोचे आहेत हे!"

सगळे वळून बघायला लागले. मी तुमचा हात दाबला. "आई, हळू बोला ना."

तुम्ही पदर सावरत एक पाऊल मागे सरकलात.

तेवढ्यात त्या बाई जवळ आल्या. "माताजी क्या कह रही हैं?" मी चाचरत हिंदीत सांगितलं. त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं आणि चक्क तुम्हाला हात जोडले! पाटी बदलली की कळवते म्हणून माझा नंबरही घेतला. तुम्हाला मात्र कौतुक त्या चित्रकाराचं. "पाण्याकाठी किती दिवस बसला असेल गं हा माणूस!"

परतताना रिक्षात तुम्ही विचारलंत, "माझी लाज वाटली ना तुला?"

"नाही हो, काहीतरीच काय!"

वाटली होती, आई. तुम्हालाही ते कळलं होतं. तरी घरी येऊन साधा टोमणाही मारला नाहीत. मारायचा होतात ना! निदान मला माफी तरी मागता आली असती.

लहानपणी धरणाकाठी गुरं राखायचात, एवढंच मला ठाऊक. तिथे काय काय पाहिलंत, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही मी.

या हिवाळ्यात इराला घेऊन गावी जातेय. तुमची नात अजून हिंदीतच उत्तरं देते, पण पाखरांची नावं मराठीत शिकेल. तुमच्या धाकट्या बहिणीला, मावशींना, कळवलंय. धरणाकाठी त्यांच्या शेजारी बसेन आणि दिसेल त्या पाखराचं नाव विचारेन, त्या कंटाळेपर्यंत. शब्द देते.

तुमची,
सुजाता